शिवेवरचा बार

ऐक गं रंगू, मधे बोलू नकोस, नुसती ऐक. तू तुझ्या मामाकडे मजेत बसलीस आणि इकडे दसऱ्याला आमच्या घरानं गावाला जो तमाशा दाखवला ना, तसा खेळ्यांनी कधी शिमग्यालाही दाखवला न्हाय. तुला लोकांनी काय सांगितलं ते ठाऊक हाय मला. येसाजीनं चुलतभावाच्या हातातली बंदूक हिसकली, देवीच्या तांब्यातलं पाणी नळीत ओतलं आणि ठरलेली सोयरीक मोडून घेतली. हे झालं, खरंच झालं. का झालं, ते मात्र एकानं विचारलं न्हाय.

आमची ती ठासणीची बंदूक तू पाहिलीयस. डुकरं हाकायला म्हणून तिचा परवाना, पण डुकरानं तिचं तोंड पाहिल्याला जमाना झाला. आजाच्या बापाची ती. खंडेनवमीला तिला खाली काढायची, तेल लावायचं, कोयते-विळ्यांबरोबर पुजायची आणि दसऱ्याला शिवेवर सोनं लुटायच्या आधी आमच्या घरानं एक बार काढायचा. तो निघाल्याशिवाय गावात कुणी आपट्याच्या पानाला हात लावत न्हाय. आणि बार काढायचा कुणी? तर घरातल्या ज्यानं रण पाहिलंय त्यानं. आजा पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आला, त्यानं काढला. मग बाबाजीकाका दुसऱ्या लढाईत इटलीला जाऊन आला, त्यानं. अठरा वर्षं तोच काढतोय.

काकाची इटली तर तुला पाठ असेल. मी दुसरीत होते तेव्हा काकानं एक जर्मन मारला होता. माझी फायनल होईपर्यंत पाच झाले. गेल्या गणपतीत सात. लढाई संपून इतकी वर्षं झाली, पण आमच्या ओटीवर जर्मन मरायचे थांबले न्हाईत बघ.

आणि आमचा दादा. चीनच्या सरहद्दीवर, नेफात लढून, चिन्यांच्या कैदेतून सुटून उन्हाळ्यात घरी आला. उजव्या हाताची दोन बोटं अर्धी, डाव्या पायाचा अंगठाच न्हाय. गोठून गेली म्हणे. गावानं काय केलं? पहिले आठ दिवस बघायला आले, जत्रेत बघायला जातात तसे. मग कुणीतरी विचारलं, "येसाजी, तुजी रायफल कुटं?" दादा म्हणाला, टाकली. झालं. त्या दिवसापासून तो 'रायफल टाकून आलेला'. मोट बंद पडली तरी पोरं म्हणायची, येसाजीला बोलवा, टाकून देईल.

तर यंदा आई काकाला म्हणाली, "भावजी, बार आता येसाजीनं काढावा. नियम तुमच्याच घरचा हाय."

काका जेवत होता. त्याचा घास थांबला. "वयनी, रण पाहिलं त्यानं काढायचा. रणाला पाठ दाखवली त्यानं न्हाय."

आई उठून आत गेली. आईला उलटून बोलता येत न्हाय, सगळा राग ती भांड्यांवर काढते. त्या दिवशी आमच्या परातीला पोचा आला.

आता अंबाजीमामाचं ऐक. खाडीपलीकडचे ते. त्यांच्या कोकिळेचा शब्द दादाला लढाईआधीच दिलेला. नवमीला ते आमच्याकडे आले, दसऱ्याचं निमित्त करून. आणि काकाच्या मनात काय, तर कोकिळा आपल्या लेकाला, अनंताला मिळावी. अनंताला तीन घरांनी नाही म्हटलेलं. मुंबईत गिरणीत लागलाय, पोरगा वाईट न्हाय गं, पण बापासमोर तोंडातून शब्द फुटेल तर शपथ.

नवमीला सकाळी बंदूक खाली काढली. मी चिंधीनं तेल लावत होते. दादा येऊन शेजारी बसला, लाकडी गज उचलला, नळीत सोडला. मग नळीच्या तोंडाशी गजावर अंगठा धरून बाहेर काढला नि बाहेरून नळीला लावून पाहिला. चार बोटं कमी भरला.

"केसर," तो म्हणाला, "ही भरल्याली हाय."

"कशी भरलेली असेल? वर्षभर खुंटीला हाय."

"गेल्या दसऱ्याला बार झाला का?"

तेव्हा मला आठवलं. न्हाय झाला. गेल्या साली पाऊस लांबलेला, बार पेटवायच्या केपी ओलसर. काकानं तीनदा चाप ओढला, तिन्ही वेळा नुसती फुस. काका म्हणाला, देवीनं बार घेतला न्हाय, आणि बंदूक तशीच नेऊन खुंटीला लावली. पंधरवड्याच्या आत चीनची लढाई पेटली, तर गावातल्या म्हाताऱ्यांनी तिचाही संबंध आमच्या बाराशीच लावला. पण नळीतली दारू काढायची कुणाच्या डोक्यात आली न्हाय. दादा तेव्हा इथे नव्हता, नाहीतर त्याच दिवशी काढली असती. आता यंदा वरून दुसरी भरायची. दादानं मला दाखवलं, घोड्याजवळ नळी गंजून कशी पापुद्र्यासारखी झालीय. "एक बार कदाचित झेलंल. दोन एकदम न्हाय. ज्याच्या गालाला असंल, त्याचा गाल जाईल."

तो गजाला बोळा ओढायचा पेच लावून दारू उपसायच्या तयारीत होता, तेवढ्यात काका आला.

"हात काढ! रायफल टाकल्याला हात देवीच्या हत्याराला लावतूस?"

"काका, भरल्याली हाय ही."

"अठरा वर्सं मी काय भाताच्या पेंढीनं बार काढतोय?" काकानं बंदूक उचलली नि आपल्या खोलीत नेली. वरून कडी, कडीला कुलूप. घरात चोर शिरल्यासारखं.

मग दुपारी ओटीवर जे झालं ना! मी दाराआड तांदूळ निवडत होते. तांदूळ कसले, एकच सूप चार वेळा निवडलं मी. अंबाजीमामा पान लावत बसलेले, अनंता खाली मान घालून, काकाचं इटलीपुराण चालू. "आमी असे डोंगरावर. खालून जर्मन. मी थ्री नॉट थ्रीत वीस गोळ्या भरल्या आन् एका दमात..."

"दहा," दादा म्हणाला.

"काय?"

"थ्री नॉट थ्रीत दहाच बसतात, काका. पाच-पाचच्या दोन पट्ट्या. आन् एका दमात सुटत न्हाईत. दर गोळीला बोल्ट मागं वडावा लागतो."

अंबाजीमामांनी चुना लावायचं थांबवलं. काका लालेलाल. त्याला त्या क्षणी काय वाटलं असेल ते मला आता कळतंय, पण तेव्हा मी दाराआड खुश होते, खोटं कशाला बोलू?

काका म्हणाला, "तुला दहाबी सोडता आल्या न्हाईत वाटतं! सोयऱ्यांना सांग की, तुजी रायफल कुटं ठेवलीस ती."

अंबाजीमामा म्हणाले, "व्हय, सांग बाबा. मी आडून आडून ऐकलंय. पोरीचा बाप हाय मी, तुज्या तोंडून ऐकू दे."

दादानं सांगितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सांगितलं, नि कसं, तर दुकानातली यादी वाचावी तसं. "माणशी पन्नास गोळ्या व्हत्या. पायात कापडी बूट. त्यांच्या बंदुका अशा, चाप दाबला की नळी थांबायचीच न्हाय. आमी एक मारायचो, बोल्ट वडायचो, दुसरी. थंडीनं बोल्ट आखडायचा. मग त्याच्यावर मुतायचो. मुतल्यावर दोन-तीन गोळ्या सुटायच्या, परत आखडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या सरल्या. वर कळवलं, तर म्हनले, गोळ्या घेऊन खेचरं निघाल्यात. खेचरं आलीच न्हाईत. मग बोल्ट काढून ओढ्यात फेकला आन् रायफल टाकली. बोल्ट नसंल तर ती नुसती काठी. त्यांच्या हाती काठी गेली."

मी हसले गं मुतण्याला, आणि हसताहसताच सुपात टप्पकन डोळ्यातलं पाणी पडलं.

 मग काका खो-खो हसला. "ऐकलंत अंबाजीशेट? मुतनारी पलटन! आमच्या वेळेला मानूस मरायचा पन रायफल हातात असायची. रायफल टाकली म्हंजे बायकू टाकली! उद्या तुमच्या कोकिळेला ओढ्याकाठी टाकून आला तर?"

अंबाजीमामांनी पान गालात सारलं. "बाबाजीशेट, माजं सरळ हाय. उद्या तुमचं घर बार कुणाच्या हाती देतंय ते बघतो. येसाजीच्या हाती दिलात, तर माजा शब्द शब्द. पन तुमच्याच घराला त्याचा भरवसा नसंल, तर मी कशाला पोर देऊ?"

बघ म्हणजे! गोठली कुणाची बोटं, कैदेत कोण राहिलं, आणि सगळ्याचा निवाडा कशावर? तर त्या गंजक्या नळीवर.

दसऱ्याला सकाळी वड्याचं पीठ मळताना सोनाबाईकाकी एकदम थांबली. काकी म्हणजे तुला माहीत हाय, नवऱ्याच्या शब्दाबाहेर पाऊल न्हाय. ती आईला म्हणाली, "वयनी, येसाजी म्हनतो ते खरं असंल का वो? बंदूक भरल्याली?"

"भावजींना विचार. त्यांना सगळं ठावं असतं," आई म्हणाली. तिखट बोलली.

काकीच्या हाताला पीठ. त्याच हातानं तिनं डोळे पुसले. "त्यांना काय ठावं असनार? त्यांनी लढाईत एक चाप वडला न्हाय. खेचरं हाकत व्हते वो, खेचरं. लढाईवरून आल्यावर तिसऱ्या सालात मला सांगितलं, रडले लहान पोरासारखे. आन् बार काढताना डोळे मिटतात. मी बायकांत मागं उभी असते, बघते की."

मी तोंडाचा आ करून बसले. अठरा वर्षं, रंगू! सात जर्मन!

काकीनं माझं मनगट धरलं. "केसर, तू ऐकलं न्हाईस. देवीची शपथ घे. गावात हे गेलं तर ते जीव देतील."

मी शपथ घेतली. तिच्या पिठाच्या हातावर हात ठेवून घेतली.

संध्याकाळी सगळा गाव शिवेवर. आपट्याच्या फांद्या रचलेल्या, पुढे देवीचा तांब्या, हरेश्वर गुरव आरतीचं ताट घेऊन उभा. काकानं फेटा बांधलेला. मूठ भरून दारू नळीत ओतली. मापानं न्हाय हं, मुठीनं, आवाज दणदणीत यावा म्हणून. वरून काथ्याचा बोळा. गजानं ठासलं. आणि गज वीतभर बाहेर!

"काका, गज बघा," दादा पुढे येऊन म्हणाला. हळू म्हणाला, कुणाला ऐकू जाऊ नये असं. "वीतभर बाहेर हाय. दोन भरतीया झाल्यात."

काका मुद्दाम मोठ्यांदा बोलला, "बघा रे! घरच्या बंदुकीलाबी भ्याला हा!"

गाव हसलं. अंबाजीमामा पण हसले. पण मी काकाच्या अगदी जवळ होते. गजाकडे बघितल्यावर त्याच्या कपाळावर घाम आला, तो मी पाहिला. त्याला कळलं न्हाय, पण भीती वाटली. आणि भीती वाटल्यावर त्यानं काय करावं? बंदूक अनंताच्या हातात दिली! "आता पुढची पिढी," म्हणाला, "म्हाताऱ्यांनी किती दिवस मिरवायचं?" अनंता, ज्यानं फटाका पण लांबून लावलाय! कुठे गेला रण पाहिलेल्याचा नियम? आणि गाव टाळ्या वाजवतंय.

"अनंता, ठेव ती खाली!" मागून काकी ओरडली.

"बायका मागं!" काका म्हणाला.

अनंतानं मला नंतर सांगितलं, त्याला कळत होतं दादा खरं बोलतोय. बंदूक खाली ठेवावी असं हजारदा वाटलं. पण समोर बाप, कोकिळेचा बाप, आणि सगळा गाव. ठेवायची कशी, ते सुचेना. म्हणून त्यानं डोळे मिटले. बापासारखेच.

त्यानं चाप ओढला आणि त्याच क्षणी दादानं हात घातला. घोडा खाली आला तो केपीवर न्हाय, दादाच्या अर्ध्या बोटावर. मधेच बोट घातलं गं त्यानं! मग दुसऱ्या हातानं बंदूक ओढून घेतली, केप काढून फेकली, दस्ता जमिनीवर टेकवून नळी उभी केली, देवीचा तांब्या उचलला आणि भडाभडा पाणी आत ओतलं.

 मग एकदम कालवा. देवीचं पाणी बाटवलं! मान हिसकला! हरेश्वर तर ताट खाली ठेवून दादाच्या अंगावर धावला. दादाच्या बोटातून रक्त गळत होतं, ते कुणाला दिसलं न्हाय, पूजेच्या सांडलेल्या गुलालात लपलं. अंबाजीमामा म्हणाले, "आदी बंदूक टाकनारा, आता बंदूक पळवनारा. संपला इषय."

आणि रात्री घरात ठरलं पण. कोकिळा अनंताला. काका मोठा उदार, म्हणाला, सोयरीक घरातच राहिली, सोयऱ्यांचा शब्द खाली पडला न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं अंगणात बसून ओली दारू उपसली. पेच फिरवला, पहिला बोळा आला, नवा, तांबूस. मग भिजलेला काळा चिखल. परत पेच घातला, दुसरा बोळा आला. जुना, काळाकुट्ट, वर्षभर दारूत बसलेला. त्याच्यामागून आणखी चिखल. मी आणि काकी, दोघीच बघत होतो. 

मी दोन्ही बोळे उचलले. दादा म्हणाला, "टाक ते."

"मी अंबाजीमामांना दाखवते."

"कशाला? हसायचंय त्यांना हसू दे."

"आणि कोकिळा?"

तो नळी पुसत राहिला. पण त्याचा तो तुटका हात थांबला गं, जरासा. मी तो पाहिला आणि पळत सुटले.

भरती लागली होती. बंदरावर होडी सुटायच्या बेतात, तीस-चाळीस माणसं, सणाहून परतणारी. अंबाजीमामा होडीत चढलेले, अनंता त्यांची पिशवी घेऊन काठावर. मी धापा टाकत मूठ उघडली. "मामा, हे बघा. दोन बोळे. बंदूक दोनदा भरलेली होती. दादानं अनंताचा जीव वाचवला."

त्यांनी बोळे बघितले. "काथ्या काय, कुटंबी मिळतो. अनंता, तू सांग. असं व्हतं का?"

मी अनंताकडे बघितलं. बोल, बोल एकदा, आयुष्यात एकदा. अनंतानं पिशवीकडे बघितलं. जणू पिशवीच उत्तर देणार होती.

होडीवाल्यानं दोर सोडला. अंबाजीमामा म्हणाले, "पोरी, तुजा काका रण पाहिल्याला मानूस. त्याला बंदूक भरता येत न्हाय असं म्हनतीस?"

आणि रंगू, सुटलं माझ्या तोंडातून. "कसलं रण? खेचरं हाकत होता तो! एक गोळी झाडली न्हाय! विचारा काकीला!"

सगळं बंदर ऐकत होतं. अंबाजीमामांनी माझ्याकडे बघितलं, अनंताकडे बघितलं, आणि काय केलं माहीत हाय? हसले. पोट धरून हसले. "एक खेचरवाला, एक रायफल टाकनारा, आन् एक मुका! काय घर हाय! माजी पोर वाचली रे बाबा." अनंताच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि होडी गेली. कोकिळा दादाला न्हाय, अनंताला पण न्हाय. मी घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली.

काका खोलीत जाऊन बसला. तीच खोली, पण आता कडी आतून. काकीनं चुलीपुढून उठून माझ्याकडे फक्त बघितलं. आज पाचवा दिवस, ती माझ्याशी बोललेली न्हाय. मी वाढलेलं ताट घेत न्हाय. आईसुद्धा म्हणाली, "शपथ घेतली व्हतीस ना?" माझी आई, जिच्या लेकासाठी मी धावले!

आणि दादा? मला वाटलं, निदान तो तरी म्हणेल, बरं केलंस. तो म्हणाला, "खेचरवाल्याला हसतेस व्हय गं? आमच्याकडं एक जरी खेचरवाला पोचला असता ना, तर माजी रायफल आज माज्याकडं असती. आन् बाजूचे सतरा जन पन."

मग तो चहा घेऊन काकाच्या दाराशी गेला. कडी वाजवली.  दादा तिथंच उंबऱ्यावर बसला आणि दाराला विचारलं, "काका, खेचरांची नावं काय व्हती?"

 चहावर साय धरली. मग आतून आवाज आला, "एक राणी व्हती." मग थोड्या वेळानं, "आन् एक भवानी. भवानी लई द्वाड. राणी गोळ्यांची पेटी घेऊन दरीत गेली. तिची दोरी माज्याच हातात व्हती." आणि काका बोलायला लागला. अंधारात डोंगर चढताना खेचराच्या पोटाला गाल लावून कसं चालायचं, वर पोचल्यावर शिपाई कसे गळ्यात पडायचे. एक जर्मन न्हाय बघ त्यात. दोघं दाराच्या दोन बाजूंना, आणि अनंता पडवीत उभा राहून ऐकत होता. परवा अनंता येऊन दादाला म्हणाला, "येसादा, मी जातो खाडीपलीकडं. मी सांगतो त्यांना." दादा म्हणाला, "जा." अजून गेलेला न्हाय. रोज भरतीची वेळ विचारतो.

तर असं हाय सगळं. गाव म्हणतं, केसरच्या जिभेनं घर बुडवलं. म्हणू दे, या गावानं कधी कुणाचं खरं मानलंय? पण काकी बोलत न्हाय गं. ते पिठाचं मनगट मला झोपू देत न्हाय.

तूच सांग, रंगू, आणि उगीच माझं मन राखू नकोस. तुझ्या मुठीत ते दोन बोळे, अनंता पिशवीकडे बघतोय, होडीचा दोर सुटलाय, तिकडे अंगणात तुझ्या भावाचा हात थांबलाय आणि जिभेवर काकीची शपथ. तू काय केलं असतंस?